गॅसच्या टाकीत घरे

शहरात एखादी जुनी, मोठी इमारत रिकामी पडली की तिच्याविषयी बहुधा दोनच मते ऐकू येतात. ‘धोकादायक झाली आहे, पाडून टाका’ हे एक, आणि ‘ऐतिहासिक आहे, हात लावू नका’ हे दुसरे. तिसरीही एक शक्यता असते. इमारत उभी ठेवायची आणि तिच्यात माणसांना राहायला जागा करून द्यायची. सूचना ऐकायला सोपी वाटते. अमलात आणायला गेले की मात्र भार, उजेड, ओल असे एकेक प्रश्न पुढे येतात. हे सारे प्रश्न शालेय विज्ञान आणि भूमितीच्या आवाक्यातले आहेत. म्हणूनच या लेखात त्यांचा विचार करायचे आम्ही ठरवले.

उदाहरण म्हणून आम्ही जी इमारत निवडली आहे, ती घर म्हणून तर नाहीच, पण माणसांनी वावरावे म्हणूनही बांधलेली नव्हती. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे सिमरिंग नावाच्या भागात विटांच्या चार प्रचंड गोल इमारती एका ओळीत उभ्या आहेत. प्रत्येकीची उंची सुमारे ७० मीटर आणि व्यास सुमारे ६० मीटर. १८९६ ते १८९९ या काळात त्या गॅस साठवण्यासाठी बांधल्या गेल्या. १९९९ ते २००१ या काळात त्यांच्यात घरे झाली. हे कसे जमले ते समजण्यासाठी आधी गॅस कसा साठवत असत ते पाहू या.

गॅस साठवायचा कसा?

विजेचे दिवे घरोघरी येण्यापूर्वी मोठ्या शहरांतले रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळत. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे १८६५ साली आले. हा गॅस जमिनीतून निघालेला नसे. दगडी कोळसा हवा लागू न देता बंद भट्टीत तापवला की त्यातून हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण बाहेर पडते. मागे कोक आणि डांबर उरते. हे मिश्रण नळांवाटे शहरभर खेळवले जाई.

भट्ट्या दिवसरात्र चालत, पण गॅस लागे तो मुख्यतः संध्याकाळनंतर. त्यामुळे दिवसभरात तयार झालेला गॅस साठवून ठेवणे भाग होते. त्यासाठीची योजना आपल्याकडच्या खेड्यांतल्या विद्यार्थ्यांना नवी नाही. तरंगत्या टोपीचे गोबरगॅस संयंत्र त्यांनी पाहिलेले असते. गॅस साठत जाईल तशी लोखंडी टोपी वर उचलली जाते आणि चूल पेटवली की हळूहळू खाली बसते. व्हिएन्नाच्या टाक्यांचे तत्त्व हेच होते. खाली पाण्याचे मोठे कुंड आणि त्यात उपडी ठेवलेली पत्र्याची अवाढव्य टोपी. पाण्यामुळे गॅसला बाहेर निसटायला वाट राहत नाही, आणि टोपीच्या वजनामुळे गॅसवर जो दाब येतो तोच त्याला नळांतून पुढे ढकलतो.

हा दाब किती असेल? समजा, १० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब हवा आहे. टाकीची त्रिज्या ३० मीटर धरली तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २,८२७ चौरस मीटर येते. त्याला ०.१ मीटरने गुणले की सुमारे २८३ घनमीटर होतात. म्हणजे टोपीचे वजन २८३ घनमीटर पाण्याइतके, सुमारे २८३ टन हवे. दाब अगदी थोडा, पण क्षेत्रफळ मोठे असल्याने वजन एवढे मोठे निघते. व्हिएन्नाच्या प्रत्येक टाकीत ९०,००० घनमीटर गॅस मावत असे. त्याला त्याच क्षेत्रफळाने भागले तर गॅसच्या स्तंभाची उंची जवळजवळ ३२ मीटर भरते. कुंड खाली आणि वर उचललेली टोपी एवढी उंच, हे लक्षात घेतले की ७० मीटर उंचीची इमारत का लागली ते कळते.

मग विटांची भिंत कशासाठी होती? गोबरगॅसच्या टोपीभोवती आपण भिंत बांधत नाही. पण व्हिएन्नाच्या हिवाळ्यात कुंडातले पाणी गोठण्याची भीती, शिवाय बर्फाचे ओझे आणि वारा. टोपीला यांपासून जपण्यासाठी भोवती भिंत आणि वर लोखंडी सांगाड्याचा घुमट बांधला गेला. म्हणजे गॅसचा दाब किंवा पाण्याचे वजन या उंच भिंतीवर येत नव्हते. तिला पेलायचे होते ते स्वतःचे वजन, वरचा घुमट आणि वाऱ्याचा मारा, एवढेच. ही गोष्ट लक्षात ठेवू या, कारण पुढचा सारा विचार तिच्यावर उभा आहे.

भार कोणी घ्यायचा?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना नैसर्गिक वायूकडे वळले आणि १९८०च्या दशकात या टाक्यांचे काम संपले. इमारतींना ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळालेले असल्याने त्या पाडता येत नव्हत्या. १९९५ मध्ये शहराने त्यांच्या नव्या वापरासाठी कल्पना मागवल्या. पुढे आतले सारे साहित्य काढून टाकले गेले. उरली ती बाहेरची भिंत आणि छताचा काही भाग.

एवढी उंच भिंत आतून पोकळ असताना उभी कशी राहते? एक पोस्टकार्ड टेबलावर उभे करून पाहा. ते लगेच पडते. आता त्याला थोडा बाक देऊन उभे करा. ते उभे राहते, आणि वर एखादे हलके पुस्तक ठेवले तरी सहसा पेलते. कागद तोच, जाडीही तीच; फक्त आकार बदलला. गोल भिंतीला सगळ्या बाजूंनी बाक असल्याने ती एका दिशेला सहज कलत नाही.

पण यावरून ‘भिंत भक्कम आहे, तिच्यात तुळया घालून मजले चढवू’ असे म्हणता येईल का? नाही. पहिले कारण भाराचे. विटांची भिंत सरळ खाली येणारा दाब चांगला सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. तुळईचे टोक भिंतीत खोवले की त्या एका जागी मोठा भार येतो आणि भिंतीला आत ओढणारे किंवा बाहेर ढकलणारे बलही लागू होते. जी भिंत शंभर वर्षे केवळ स्वतःला सांभाळत आली, तिच्यावर शेकडो कुटुंबांचे संसार टाकणे शहाणपणाचे नाही.

दुसरे कारण पायाचे. कोणतीही इमारत बांधली की तिच्या वजनाने खालची माती दाबली जाते आणि इमारत थोडी खचते. जुन्या भिंतीचे खचणे केव्हाच पुरे झालेले असते. नव्या बांधकामाचे मात्र अजून व्हायचे असते. दोन्ही एकमेकांना घट्ट जोडले तर नवे बांधकाम खाली जाताना जुन्या भिंतीला ओढते आणि भेगा पडतात. आपल्याकडे जुन्या घराला लागून नवी खोली काढली की जोडावर उभी भेग हमखास दिसते. ती याच कारणाने.

म्हणून व्हिएन्नात आत स्वतंत्र इमारती उभ्या केल्या गेल्या. घरांचा भार नव्या सांगाड्यावर आला आणि जुन्या भिंतीने आपले जुनेच काम चालू ठेवले.

उजेडाचे गणित

भाराचा प्रश्न सुटला तरी दुसरा, कदाचित अधिक अवघड प्रश्न उरतोच. गॅसला उजेड लागत नाही, माणसाला लागतो. ६० मीटर व्यासाची जागा सगळी मजल्यांनी भरून टाकली तर मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागेल. आणि बाहेरची भिंत ही वारसा-वास्तू. तिच्यात पाहिजे तेवढ्या खिडक्या पाडणे शक्य नव्हते.

यावर आपल्या पूर्वजांनी काढलेला उपाय आपल्याला ठाऊक आहे: वाड्याचा चौक. रस्त्याच्या बाजूला जाड, मोजक्या खिडक्यांची भिंत आणि मध्ये आकाशाला उघडा चौक, ज्यातून भोवतालच्या सोप्यांना आणि खोल्यांना उजेड-वारा मिळतो. गोल टाकीतही हाच उपाय लागू पडतो. पण चौकासाठी किती जागा सोडावी लागेल?

वास्तुरचनाकारांचा एक ठोकताळा असा की खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड कामापुरता पोहोचतो. काठ २.४ मीटरवर असेल तर सुमारे पाच-सहा मीटरपर्यंत. दोन्ही बाजूंनी थोडाफार उजेड मिळेल असे धरून आपण घरांची खोली १२ मीटर ठेवू. म्हणजे बाहेरची त्रिज्या ३०, आतल्या चौकाची १८. संपूर्ण वर्तुळात ३० चा वर्ग, म्हणजे ९०० गुणिले पाय एवढे क्षेत्रफळ. चौकात १८ चा वर्ग, म्हणजे ३२४ गुणिले पाय. घरांसाठी उरले ५७६ गुणिले पाय, म्हणजे एकूण जागेच्या ६४ टक्के. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगा. ३६ मीटर रुंदीचा चौक सोडला म्हणजे निम्म्याहून जास्त जागा गेली, असे बहुतेकांना वाटते. क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने बदलते हे सूत्र पाठ असूनही ही चूक होते. म्हणून हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

आता चौकाची खोली पाहू. चौक ३६ मीटर रुंद आणि भोवतालची घरे ६० मीटर उंचीपर्यंत आहेत असे धरा. ५० मीटर उंचीवरच्या खिडकीतून पाहणाऱ्याला समोरची कड फक्त १० मीटर वर दिसेल. म्हणजे क्षितिजापासून सुमारे १६ अंशांच्या वर सगळे आकाश मोकळे. १० मीटर उंचीवर राहणाऱ्याला मात्र तीच कड ५० मीटर वर दिसते. त्याचे आकाश सुरू होते ते सुमारे ५४ अंशांवर. मान वर केल्याशिवाय त्याला आकाश दिसणारच नाही. आडाच्या तळाशी बसल्यासारखे ते होईल.

मग खालच्या मजल्यांचे करायचे काय? इथे व्हिएन्नाचे उत्तर पाहण्यासारखे आहे. घरे वरच्या भागात, कचेऱ्या मधल्या भागात आणि दुकाने, करमणुकीच्या जागा तळाशी. शहराचे जुने दप्तर सांभाळणारे अभिलेखागारही यांपैकी एका टाकीच्या खालच्या मजल्यांवर हलवले गेले. जुन्या कागदांना उजेड नको असतो. उलट उजेडाने ते पिवळे पडतात आणि ठिसूळ होतात. दुसऱ्या एका टाकीच्या तळाशी सभागृह आहे. त्यालाही खिडकीतल्या उजेडाची गरज नसते. ज्याला उजेड हवा ते वर आणि ज्याला नको ते खाली, इतका हा साधा हिशेब आहे.

एक प्रश्न, चार उत्तरे

चारही टाक्या बाहेरून सारख्या असल्या तरी त्यांची कामे चार वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांकडे दिली गेली. त्यामुळे एकाच गणिताची चार उत्तरे आज शेजारीशेजारी पाहायला मिळतात.

पहिल्या टाकीत ज्याँ नूव्हेल यांनी चौकाभोवती सलग कडे न बांधता त्याचे सुटे तुकडे केले. तुकड्यांमधल्या फटींतून जुनी भिंत दिसते आणि उजेडही आत शिरतो. दुसऱ्या टाकीत कोप हिमेलब्लाऊ या संस्थेने आत गोल इमारत बांधलीच, शिवाय टाकीच्या बाहेर ढालीच्या आकाराची, मध्येच वाकलेली एक नवी इमारत उभी केली. आत उजेड अपुरा पडत असेल तर काही घरे बाहेरच काढावीत, हा तिथला विचार. तिसऱ्या टाकीत मानफ्रेड वेडोर्न यांनी चौकाच्या परंपरागत कल्पनेवर भर दिला. चौथ्या टाकीत विल्हेल्म होल्त्सबाउअर यांनी सारे उलटे केले. मध्यभागी गाभा आणि त्यापासून भिंतीकडे जाणारे तीन बाहू, अशी चांदणीसारखी रचना त्यांनी केली. मोकळी जागा मधोमध न राहता बाहूंच्या दरम्यान, भिंतीच्या कडेला आली.

चारही इमारती एकमेकींना पुलांनी जोडल्या गेल्या. एकूण सुमारे ८०० घरे झाली. त्यांपैकी साधारण दोन तृतीयांश जुन्या भिंतींच्या आत आहेत. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहही झाले. डिसेंबर २००० मध्ये भुयारी रेल्वेचे स्थानक शेजारी सुरू झाले. शहराच्या कडेला असलेल्या या जागी लोक राहायला येण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

हा प्रयोग सर्व बाजूंनी यशस्वी झाला असे मात्र म्हणता येणार नाही. तळाच्या खरेदी-केंद्राला अपेक्षेइतके गिऱ्हाईक मिळाले नाही. शिवाय जुनी इमारत वापरली म्हणजे सिमेंट, लोखंड वाचले असा समज करून घेणेही बरोबर नाही. आतले सगळे बांधकाम नवे आहे. वाचली ती भिंत, आणि तिच्याबरोबर शहराची एक ओळख.

आपल्याकडे काय झाले?

मुंबईच्या गिरणगावात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन वाटण्यांची योजना आखली: एक वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि एक गिरणीमालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. ही वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच जमिनीची, असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला.

याचा भूमितीच्या भाषेत अर्थ काय? गिरणीची शेड बसकी आणि पसरट असते. तेवढीच जागा चार मजल्यांत बांधली असती तर तिने चौथाई जमीन अडवली असती. शेड एकमजली असल्याने जमिनीचा मोठा भाग तिच्याखाली गेला आणि वाटणीतून वगळला गेला. मोकळ्या जमिनीचे क्षेत्र लहान झाल्यावर तिचे तीन भाग तितकेच लहान झाले. ज्यांच्या घामावर गिरण्या चालल्या त्या कामगारांच्या घरांची जमीन अशी आकसली. पुढे अनेक शेडही पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले.

या शेडमध्येच घरे करता आली असती का? प्रामाणिकपणे हिशेब केला पाहिजे. अनेक शेडचे छप्पर करवतीच्या दातांसारखे असे आणि त्याच्या काचा उत्तरेकडे असत. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यामुळे उत्तरेच्या काचांतून झळ न लागता एकसारखा उजेड मिळे आणि धाग्यातला दोष दिसे. कामाच्या जागेसाठी ही रचना उत्तम, पण घराला छपरातला उजेड पुरत नाही. वारा आणि खिडकीही लागते. म्हणजे शेडमध्ये मध्येमध्ये चौक कापावे लागले असते. शाळा, वाचनालय, दवाखाना, बाजार यांसाठी मात्र बऱ्याच शेड आहेत तशा चालल्या असत्या, आणि घरे शेजारच्या जागेत उंच बांधता आली असती. व्हिएन्नाचा हिशेब याहून वेगळा नव्हता. प्रत्येक बंद गिरणीच्या बाबतीत हा हिशेब आधी मांडून मगच पाडापाडीचा निर्णय व्हायला हवा होता, असे आम्हाला वाटते.

लहान शहरांत गिरण्यांऐवजी वाडे आणि पेढ्या असतात. त्यांची दुरुस्ती करून त्यात बिऱ्हाडे ठेवताना एक चूक वारंवार होते. जुनी भिंत विटांची किंवा दगडमातीची, चुन्यात बांधलेली. जमिनीतली ओल तिच्यात चढते, पण चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ती बाहेर उडूनही जाते. तिच्यावर सिमेंटचा पक्का गिलावा चढवला की ओलीची वाट बंद होते. ओल आणखी वर चढते, बरोबर आलेले क्षार आत साठतात आणि विटांचा भुगा होऊ लागतो. लाकडी तुळयांची भिंतीतली टोकेही कुजतात. बाहेरून भिंत नवी, गुळगुळीत दिसते, त्यामुळे धोका उशिरा लक्षात येतो. दुरुस्तीचा माल मूळ भिंतीपेक्षा कडक आणि कोंदट असू नये, हे सूत्र घरमालकांइतकेच गवंड्यांपर्यंतही पोहोचायला हवे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. दोन सारख्या विटा घ्या. एकीला सर्व बाजूंनी मेणाचा जाड लेप द्या, फक्त तळ उघडा ठेवा. दुसरी तशीच ठेवा. दोन्ही विटा उथळ ताटात मिठाच्या पाण्यात उभ्या करा. चार दिवस दोन्ही ताटांतली पाण्याची पातळी सारखी राखा आणि ताटात रोज किती पाणी घालावे लागले ते लिहून ठेवा. जास्त पाणी कोणत्या विटेला लागले? ते कुठे गेले? मिठाचा पांढरा थर कुठे दिसतो?

२. आपल्या शाळेच्या खोलीत, सर्व दिवे बंद करून, खिडकीपासून किती अंतरापर्यंत पुस्तक सहज वाचता येते ते मोजा. खिडकीच्या वरच्या काठाच्या उंचीशी त्याचे प्रमाण काढा. ढगाळ दिवशी पुन्हा मोजा.

३. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोऱ्याने दगड बांधून उन्नतकोन मोजण्याचे साधन तयार करा. चाळीच्या, वाड्याच्या किंवा शाळेच्या चौकात तळमजल्यावरून आणि वरच्या मजल्यावरून समोरच्या कडेचा कोन मोजा.

४. गावातली एक जुनी, वापरात नसलेली इमारत निवडा. पडक्या इमारतीच्या आत मुलांना नेऊ नये. बाहेरून पाहणे पुरे. तिचा आराखडा काढा आणि गटात चर्चा करा. ती मुळात कशासाठी बांधली होती? तिच्या भिंती काय पेलत होत्या? उजेड कुठून येतो? पाणी कुठे मुरते? आत काय साठवले जाई, आणि त्याचे काही घातक अवशेष मातीत राहिले असतील का? मग त्यांनीच ठरवावे की या इमारतीत घरे व्हावीत, दुसरे काही व्हावे, की ती खरोखरच पाडावी. कोणत्याही उत्तराला कारण आणि आकडा जोडलेला असावा, एवढीच अट ठेवावी.

चौथा उपक्रम आम्ही शिक्षकांच्या एका मेळाव्यात करून पाहिला. सुरुवातीला पाडावी म्हणणारे आणि राखावी म्हणणारे असे दोन तट पडले होते. मोजमापे हाती आल्यावर दोन्हीकडचे काही जण बाजू बदलून गेले. वाद संपला नाही, पण पुढचा सगळा वेळ लोक एकाच कागदावर वाकून बोलत होते.